गाठीच्या शेजारची पेशी

पिंपरीत ‘एच.ए.’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला आणि पिंपरीच्या माळावर देशाचे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्कूटर, ट्रक, मोटारी ही या पट्ट्याची ओळख नंतरची. आधीची ओळख औषधाची. पुढे याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारे एक नवे औषध शोधले. त्याचे नावही कंपनीच्या आद्याक्षरांवरून ठेवले गेले : हॅमायसिन.

पेनिसिलिन जंतू मारते, पण जंतू तर फिनेलनेही मरतात. पेनिसिलिनचे खरे मोठेपण हे की ते जंतूला मारते आणि माणसाला सोडते. जंतूच्या पेशीभोवती एक भिंत असते. ती बांधण्याचे काम हे औषध बंद पाडते. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नाही. त्यामुळे औषध रक्तातून अंगभर फिरते, पण घाव जिथे बसायचा तिथेच बसतो.

कर्करोगाच्या गाठीवर सोडलेल्या किरणांना अशी ओळख नसते. गाठीतली पेशी आपल्याच शरीरातून फुटलेली, तिचा डीएनए बराचसा शेजारच्या निरोगी पेशीसारखाच. किरण वाटेत येईल त्या सगळ्यांना लागतात : आधी कातडी, मग स्नायू, लाळग्रंथी किंवा आतडी, मग गाठ, आणि गाठीच्या पलीकडे जे असेल ते. शत्रू कोण आणि शेजारी कोण हे ओळखण्याचे काम माणसाला स्वतःच्या डोक्याने करावे लागले. ते सव्वाशे वर्षे चालू आहे, आणि त्यातला अभिमान वाटावा असा एक भाग आपल्या घाटाखाली, परळ, ट्रॉम्बे आणि खारघर इथे घडला. त्याची ही हकिकत.

बेक्वेरल यांचा खिसा

8 नोव्हेंबर 1895 रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण दिसले. वर्ष उलटायच्या आत या किरणांनी गाठींवर उपचार करून पाहणारे लोक निघाले. हे किरण मांस जाळतात हे लवकर कळले, तेही भोगून कळले. 1901 साली आंरी बेक्वेरल रेडियमची एक छोटी नळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून हिंडले. काही दिवसांनी खिशाखालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली, मग तिथे जखम झाली. पिएर क्युरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम बांधून घेतले आणि उमटलेल्या जखमेची नोंद ठेवली.

निरोगी शरीराला किरणे काय करतात याच्या या पहिल्या नोंदी. उपचार मात्र तसेच चालले होते. एकाच बैठकीत भरपूर मात्रा द्यायची, गाठ वितळली तर ठीक. गाठ वितळत असे, पण तिच्यावरची कातडी आणि आतले अवयवही तिच्याबरोबर जात.

1906 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघांनी एक नियम मांडला : ज्या पेशी झपाट्याने विभागत असतात त्यांना किरणे जास्त लागतात. गाठीतल्या पेशी बहुधा अशाच. म्हणजे किरणांना ओळख नसली तरी पेशींच्या स्वभावात फरक होता. त्या फरकाचा फायदा घ्यायचा कसा, हे दाखवले क्लोद रेगो यांनी, तेही मेंढ्यांवर. मेंढ्याच्या वृषणात बीजपेशी सतत विभागत असतात, म्हणून रेगो यांनी त्यांना गाठीच्या जागी धरले आणि वरच्या कातडीला शेजारच्या निरोगी अवयवाच्या जागी. एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर कातडी जळायची. तीच मात्रा थोडी थोडी करून अनेक दिवसांत दिली तर मेंढा निर्बीज व्हायचा आणि कातडी शाबूत राहायची.

रेगो यांचे सहकारी आंरी कूतार यांनी हीच रीत माणसांवर चालवली. 1922 साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी स्वरयंत्राच्या कर्करोगाचे बरे झालेले रुग्ण मांडले. रोजच्या छोट्या हप्त्यांनी गळ्याचे भयंकर नुकसान टळले होते. आज आपल्याकडचा रुग्ण सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे ‘शेक घ्यायला’ जातो, त्या वेळापत्रकाचे मूळ मेंढ्यांवरच्या त्या प्रयोगांत आहे.

दोनपदरी दोरी

हप्त्यांमुळे कातडी का वाचते, याचे उत्तर मात्र 1953 साली डीएनएची रचना उलगडल्यानंतर हळूहळू मिळत गेले.

डीएनए ही पीळ घातलेली दोनपदरी दोरी समजा. किरण पेशीतून जातात तेव्हा ते दोरीला थेट तरी लागतात, नाहीतर पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात. फुटलेल्या पाण्याचे ते तुकडे फार आक्रमक असतात आणि क्षणार्धात दोरीवर तुटून पडतात. नेहमीच्या किरणोपचारात बहुतांश नुकसान या दुसऱ्या वाटेने होते. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक ग्रे मात्रा मिळाली की एका पेशीतल्या डीएनएचा एकच पदर तुटल्याच्या सुमारे हजार जागा तयार होतात. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटल्याच्या जागा तीस-चाळीस.

एक पदर तुटला तर दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो पुन्हा विणते. दोन्ही तुटले की काम अवघड होते. टोके चुकीची जुळली तर पेशी मरते, किंवा बिघडून जगते. पण निरोगी पेशीचे दुरुस्तीखाते चोख असते. वेळ मिळाला तर बहुतेक तुटी ती काही तासांत सांधते. गाठीतल्या पेशींत हे दुरुस्तीखाते बहुधा मोडकळीला आलेले असते आणि विभागणीची घाई मात्र संपत नाही. म्हणून रोज साधारण दोन ग्रे, मध्ये रात्र, आठवड्याला दोन दिवस विसावा. निरोगी पेशीला श्वास घ्यायला ही सवड दिलेली असते. तीस-पस्तीस फेऱ्यांत हा लहानसा फरक साठत जातो आणि शेवटी गाठ हरते, शेजारीण टिकते.

निरोगी पेशीचे सगळ्यात पहिले आणि आजही सगळ्यात भरवशाचे संरक्षण हेच : दोन हप्त्यांमधला वेळ.

परळ, 1941

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने मुंबईत कर्करोगाचे रुग्णालय बांधायचे ठरवले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. गिरणगावाच्या मध्यावर उभी राहिलेली ही इमारत पुढे साऱ्या महाराष्ट्राची झाली. गावोगावी ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले तरी आजाराचे नाव घ्यावे लागत नाही.

मेहरबाई माहेरच्या भाभा. डॉ. होमी भाभा त्यांच्या भावाचे चिरंजीव. आत्याच्या स्मृतीतून उभे राहिलेले हे रुग्णालय 1957 साली केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि 1962 साली भाभांच्याच अणुऊर्जा विभागाकडे आले. नात्यागोत्याच्या या योगायोगापेक्षा त्यातून जे साधले ते मोठे. डॉक्टर परळला, भौतिकशास्त्रज्ञ ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात, आणि दोघांचे खाते एक. किरणोपचारात डॉक्टर जितका लागतो तितकाच मात्रा मोजणारा भौतिकशास्त्रज्ञही लागतो. असे लोक तयार करण्यासाठी ट्रॉम्बेत त्याच सुमारास पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, आणि देशभरातल्या रुग्णालयांना तिथून मात्रा मोजणारी माणसे मिळाली.

1962 सालीच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी, चिंचवड, पुढे चाकण या वसाहती त्याच्या आखणीतल्या. एकीकडे हा पट्टा धातूवर नेमका घाव घालायला शिकत होता, दुसरीकडे परळला शरीरातल्या गाठीवर नेमका घाव घालण्याची धडपड चालली होती.

तेव्हाचे हत्यार म्हणजे कोबाल्ट-60. 1951 साली कॅनडात कोबाल्टचा उपचार सुरू झाला आणि जुन्या क्ष-किरण यंत्रांची एक मोठी खोड गेली. जुन्या यंत्रांची सगळ्यात जास्त मात्रा कातडीवरच बसत असे. कोबाल्टच्या किरणांची सर्वाधिक मात्रा कातडीखाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर पडते. कातडी बरीचशी सुटली. पुढची कित्येक दशके भारतात ‘लाईट लावणे’ म्हणजे कोबाल्टच होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे देशी बनावटीचे ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र घडवले आणि परदेशी यंत्र न परवडणाऱ्या रुग्णालयांना हाताशी एक साधन आले.

पण कोबाल्टच्या काळात आतले अवयव वाचवता येत नव्हते. सीटी स्कॅन 1971 च्या आधी अस्तित्वातच नव्हते. साध्या एक्स-रे फिल्मवर हाडांच्या खुणा पाहून चौकोन आखायचा आणि त्या चौकोनात जे येईल त्याला किरणे द्यायची. घशाच्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी चौकोनात येत आणि सुकत. रुग्ण बरा होऊन घरी येई, पण भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसे, आणि ते जन्मभर.

सैनिकांसाठी शोधलेली ढाल

निरोगी पेशीला औषधाने वाचवता येईल का, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर ऐरणीवर आला. 1949 साली अमेरिकेत हार्वी पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की किरणे देण्याआधी प्राण्यांना सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल टोचले तर जास्त प्राणी जगतात. फुटलेल्या पाण्याचे ते आक्रमक तुकडे डीएनएपर्यंत पोचण्याआधीच गंधक त्यांना टिपून घेत होते.

अणुयुद्धाच्या भीतीने अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने हा धागा उचलला आणि चार हजारांवर रसायने तपासली. त्यातून निघाले डब्ल्यूआर-2721, म्हणजेच ॲमिफॉस्टिन. त्याची युक्ती पेनिसिलिनची आठवण करून देणारी आहे. हे औषध शिरेत सोडतात तेव्हा ते निजलेले असते. निरोगी ऊतींमधले एक विकर त्याला जागे करते. गाठीत ते विकर कमी आणि वातावरण आम्ल, म्हणून तिथे औषध फारसे जागे होत नाही. रसायनाने शेजारीण ओळखली, ती अशी.

1999 साली अमेरिकेत डोके-मानेच्या रुग्णांमधला तोंडाचा कोरडेपणा कमी करण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. पण प्रत्येक शेकाआधी शिरेतून ते द्यावे लागे. उलट्या होत, रक्तदाब घसरे. तीस-पस्तीस दिवस रोज हे सोसणे सोपे नव्हते. त्यामुळे ढाल हाती आली तरी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही.

याच वाटेवर एक गंभीर इशाराही मिळाला. मग जीवनसत्त्वेच का देऊ नयेत, तीही असे तुकडे टिपतात, असा विचार करून कॅनडात 540 डोके-मान रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष 2005 साली आले. ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन घेतलेल्यांचा त्रास कमी झाला खरा, पण त्यांच्यात गाठ परतण्याकडे कल जास्त दिसला, विशेषतः उपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांत. ढाल शेजारणीसोबत शत्रूनेही धरली होती. आपल्याकडे रेडिएशन चालू असताना नातेवाईक प्रेमापोटी ‘ताकदीच्या’ गोळ्या, काढे, हळदीच्या कॅप्सूल आणून देतात. त्यांनी ही चाचणी लक्षात ठेवावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

जॉब हलता कामा नये

मग वाट बदलली. पेशीला औषध देण्यापेक्षा किरणच तिच्यापासून दूर ठेवायचे ठरले. इथे भोसरीच्या टूलरूममधल्या कोणत्याही माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जॉब फिक्स्चरमध्ये घट्ट बसला नाही तर सीएनसी कितीही महाग असो, कट चुकणारच.

डोके-मानेच्या रुग्णाचे फिक्स्चर बनते ते असे. जाळीदार प्लास्टिकचा एक ताव गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. काही मिनिटांत तो ओल्या कपड्यासारखा लुळा होतो. दोघे तंत्रज्ञ तो दोन्ही बाजूंनी धरून रुग्णाच्या चेहऱ्यावर पांघरतात आणि कडा खालच्या पाटाला क्लॅम्प करतात. नाक, हनुवटी, कपाळ बोटांनी दाबून घेतात. ऊब चेहऱ्यावर जाणवते, मग हळूहळू थंडावते, आणि थोड्याच वेळात त्या माणसाच्या चेहऱ्याचा कडक साचा तयार होतो. त्यावर खुणा करतात. पुढचे सहा-सात आठवडे रोज त्याच साच्यात त्याच खुणांवर लेझरच्या रेषा जुळवल्या जातात, तेव्हा कुठे यंत्र सुरू होते.

साच्यात सीटी स्कॅन होतो. त्याच्या एकेका कापावर डॉक्टर गाठीची सीमा आखतात आणि जपायच्या अवयवांचीही : लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबडा, डोळे. मग किरणे सोडणाऱ्या लिनॅक यंत्राच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पातळ पात्या पुढे-मागे सरकून किरणांच्या झोताला गाठीचा आकार देतात. टंगस्टन या पट्ट्याला अनोळखी नाही. इथल्या लेथवरच्या कार्बाइड टिपा त्याच्याच. अनेक दिशांनी येणारे झोत, प्रत्येकाची तीव्रता जागोजागी कमी-जास्त : या पद्धतीला आयएमआरटी म्हणतात. रोज शेकाआधी यंत्रावरच स्कॅन घेऊन जागा तपासली की ती प्रतिमा-मार्गदर्शित होते.

यंत्र महाग, आखणीला वेळ जास्त, आणि रुग्णांची रांग दारापर्यंत. एवढे करून निरोगी पेशी खरोखर वाचते का? श्रीमंत देशांत नवे यंत्र आले की ते वापरात येते. परळला तसे चालणार नव्हते. इथे मोजून पाहणे भाग होते.

तीन मोजमापे

1995 साली डॉ. केतायून दिनशॉ टाटा मेमोरियलच्या संचालक झाल्या. त्या स्वतः किरणोपचारतज्ज्ञ. त्यांच्या काळात आणि नंतर परळला आणि टाटा मेमोरियलच्याच खारघरच्या केंद्रात ज्या चाचण्या झाल्या, त्यातल्या तीन इथे सांगण्याजोग्या. तिन्हींची रीत एकच : रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडायचे, एकाला जुनी पद्धत, एकाला नवी, आणि वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवायचे.

पहिली चाचणी लाळेची. डॉ. तेजपाल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या 60 रुग्णांवर ती केली; निष्कर्ष 2012 साली छापून आले. जुन्या त्रिमिती पद्धतीत 89 टक्के रुग्णांना उपचाराच्या काळात लाळग्रंथींचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला. आयएमआरटीत हे प्रमाण 59 टक्क्यांवर आले.

दुसरी मुलांच्या मेंदूची. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी 2001 पासून 3 ते 25 वर्षे वयाच्या 200 मुला-तरुणांना या चाचणीत घेतले. मेंदूतल्या सावकाश वाढणाऱ्या गाठी, म्हणजे बरे झाल्यावर आयुष्य पुढे उभे. दोन्ही गटांना मात्रा तीच, 54 ग्रे, तीस हप्त्यांत. फरक एवढाच की एका गटात झोत गाठीशी अगदी काटेकोर बांधलेला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा काटेकोर गटातल्या मुलांची बुद्धी जास्त चांगली टिकली होती. संप्रेरकांचा नवा बिघाड त्या गटात 31 टक्के, दुसऱ्यात 51 टक्के. हे निष्कर्ष 2017 साली आले. सोळा वर्षे लागली, कारण मूल शाळेत कसे शिकते, वयात येते का, उंची वाढते का, हे पाहायला तेवढी वर्षे लागतातच.

तिसरी चाचणी बायकांची. गर्भाशयमुखाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, आणि आता ओटीपोटाला किरणे. गर्भाशय काढल्यावर आतडी त्या रिकाम्या जागेत उतरतात आणि किरणांच्या तावडीत सापडतात. डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली 2011 ते 2019 या काळात 300 स्त्रियांवर चाचणी झाली. तीन वर्षांनी आतड्याचा उशिराने उद्भवणारा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत 42 टक्के स्त्रियांना, प्रतिमा-मार्गदर्शित आयएमआरटीत 21 टक्क्यांना. त्रास निम्म्यावर आला आणि कर्करोगावरचा ताबा तेवढाच राहिला. 2021 साली हे छापून आल्यावर जगभरच्या किरणोपचारतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली.

‘आतड्याचा त्रास’ हे शब्द कागदावर लहान दिसतात. प्रत्यक्षात ती बाई एसटीने माहेरी जायचे टाळते, कारण वाटेत जावे लागले तर काय करायचे. लग्नकार्यात जेवत नाही. कामावर दिवसातून पाच वेळा जागा सोडावी लागते म्हणून काम सोडते. कर्करोगातून वाचून ती अशी घरात कोंडली जाते. या 300 स्त्रियांनी आपले रोजचे त्रास वर्षानुवर्षे सांगितले, म्हणून पुढच्या हजारोंची आतडी वाचणार आहेत. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नावे नसतील. ऋण मात्र त्यांचे आहे.

मरणाऱ्या पेशीचे अवशेष

झोत कितीही नेमका केला तरी एक कोडे उरत होते. ज्या पेशींना किरण शिवलेही नाहीत, त्यांच्या डीएनएतही कधीकधी तुटी आढळत. टाटा मेमोरियलचे ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. इंद्रनील मित्रा यांनी याचे एक उत्तर मांडले. पेशी मरते तेव्हा तिच्या डीएनएचे तुकडे, क्रोमॅटिनचे कण, बाहेर सांडतात आणि शेजारच्या, अगदी दूरच्याही निरोगी पेशींत शिरून तिथला डीएनए दुखवतात. 2018 साली त्यांच्या गटाने उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. शरीराच्या एकाच भागाला किरणे दिली तरी दूरच्या अवयवांत डीएनएच्या जखमा दिसत, आणि हे सांडलेले कण निकामी करणारे पदार्थ दिले की त्या जखमा टळत.

त्यातला एक पदार्थ म्हणजे रेस्व्हेराट्रॉल आणि तांबे यांची अत्यल्प प्रमाणातली जोडी. दोन्ही एकत्र आले की ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात आणि ते या अवशेषांचा चुरा करतात. ज्या प्रकारच्या कणांनी डीएनए तुटतो, त्यांनाच इथे सफाईच्या कामाला जुंपले आहे. हे संशोधन चालू आहे. कुणी लगेच द्राक्षे आणि तांब्याच्या भांड्यातले पाणी हा उपचार समजू नये. सारे यश प्रमाणात आहे आणि ते प्रमाण स्वयंपाकघरात साधत नाही.

मार्च 2024 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा मेमोरियलचे खारघर येथील ॲक्ट्रेक आणि बेंगळुरूची आयडीआरएस लॅब्स यांनी मिळून ‘ॲक्टोसाइट’ नावाच्या गोळ्या आणल्या. किरणोपचाराच्या जोडीने घ्यायचे हे पूरक. ओटीपोटाच्या किरणोपचारानंतर मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग झाल्याचे या संस्थांनी जाहीर केले. ट्रॉम्बेची जीवशास्त्र प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट यांतले अंतर इतके कमी झाले, याचे मूळ 1962 च्या त्या निर्णयात आहे.

आणि 2023 साली खारघरलाच प्रोटॉन उपचार सुरू झाले. विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले होते की विद्युतभारित जड कण पदार्थात शिरले की आपली बहुतेक ऊर्जा वाटेच्या अगदी शेवटी टाकतात आणि तिथेच थांबतात. 1946 साली रॉबर्ट विल्सन यांनी सुचवले की हाच गुण गाठीसाठी वापरावा. क्ष-किरण गाठ पार करून पुढे जातात. प्रोटॉन गाठीत थांबतो, मागच्या पेशीला जवळपास काहीच लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे वरदान. खर्च मात्र फार मोठा आहे, म्हणून अशा केंद्राचे सार्वजनिक संस्थेत असणे मोलाचे.

गुरुवारची सुट्टी

सव्वाशे वर्षांची ही कमाई एका साध्या अटीवर उभी आहे : रुग्णाने रोज आले पाहिजे.

1988 साली रॉड्नी विदर्स आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे तपासून दाखवले की डोके-मानेच्या गाठी उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यानंतर जोमाने पुन्हा वाढू लागतात. त्यापुढे उपचार एक दिवस लांबला की तेवढाच परिणाम मिळवायला सुमारे 0.6 ग्रे जास्त द्यावे लागतात. ती जादा मात्रा निरोगी पेशीलाही बसते. म्हणजे चुकलेला दिवस गाठीला फळतो आणि त्याची किंमत शेजारीण भरते.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. किरणोपचार सोमवार ते शुक्रवार. गुरुवार सोडला तर उरलेल्या चार दिवशी कामगाराला पाळी सोडावी लागते, तीही सहा-सात आठवडे. कायम कामगाराला रजा असते, ईएसआयचा आधार असतो. चाकणच्या कंत्राटी पोराला, भोसरीत घरकाम करणाऱ्या बाईला, मोशीत खोली करून राहणाऱ्या परगावच्या माणसाला खाडा म्हणजे पगार नाही. सुरुवातीचे तीन आठवडे लोक नेटाने येतात. चौथ्या आठवड्यात तोंडात फोड येतात, गिळवत नाही, पैसे संपतात. नेमकी तेव्हाच गाठ उचल खाते, आणि नेमके तेव्हाच दिवस चुकू लागतात.

म्हणून ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते. रेगो यांच्या मेंढ्यांपासून खारघरच्या प्रोटॉनपर्यंत जे जे शिकले गेले, ते रजेच्या एका अर्जापाशी येऊन थांबते. त्या अर्जावर तुमची सही झाली तर एखाद्याची लाळ वाचते, एखादीची आतडी वाचतात. शेजाऱ्याने मोटारसायकलवरून रुग्णालयात सोडले, युनियनने महिन्याचा किराणा भरला, ठेकेदाराने जागा राखून ठेवली, हीसुद्धा त्या उपचारातलीच कामे आहेत. किरण आजही कुणाला ओळखत नाहीत. ओळखण्याचे काम माणसांचे होते आणि माणसांचेच राहणार आहे.

शुक्रवारचा शेक झाला की गाठीच्या शेजारची पेशी आपली तुटलेली दोरी सांधायला बसते. शनिवार, रविवार ती तेच करत असते. सोमवारी तिचा माणूस मशीनखाली वेळेवर पोचला पाहिजे.